शेवटचा हात

कार्यालयाच्या जिन्याखाली एक खोली होती. पूर्वी तिथे खराटे, बादल्या आणि पाय मोडलेल्या खुर्च्या राहायच्या. पुढे संस्थेला कुठूनतरी दोन चांगले कॉम्प्युटर मिळाले, तेव्हा खोली रिकामी झाली, भिंतींना काळा रंग बसला, आवाज घुमू नये म्हणून जुन्या गाद्यांचा फोम कापून चिकटवला गेला, आणि खराट्यांच्या जागी ताई आली. ‘खराट्यांच्या जागी’ हे ताईचेच शब्द. ती ते हसून सांगायची, पण सांगायची मात्र येईल त्याला.

खोलीला खिडकी नव्हती. पडद्यावर बाहेरचा उजेड पडला की रंग नीट कळत नाहीत, तेव्हा नाही तेच बरं, असं सगळे म्हणत. सगळे म्हणजे ज्यांना तिथे बसायचं नव्हतं ते. जिन्यावरून कुणी चढलं-उतरलं की डोक्यावर पावलं वाजत आणि एव्हाना ताईला पावलांवरून माणूस ओळखता यायचा. संस्था चालवणाऱ्या मॅडम वर गेल्या. हिशेबनीस खाली आला. ड्रायव्हर पायऱ्या गाळत धडाधडा उतरला. असं दिवसभर जग डोक्यावरून चालायचं आणि ताई खाली बसून पडद्यावर दुसऱ्यांच्या वस्त्या बघायची.

संस्थेचं काम मोठं होतं. शाळा सुटलेली, नोकरी न लागलेली, घरात कुणाशी पटत नसलेली तरुण पोरं-पोरी संध्याकाळी कुठे जाणार? त्यांच्यासाठी वस्त्यावस्त्यांत केंद्रं होती आणि प्रत्येक केंद्रावर एखादा कार्यकर्ता. या कार्यकर्त्यांना व्हिडिओ करायला शिकवायचं, म्हणजे ते पोरांना शिकवतील, पोरं आपली गोष्ट आपल्या तोंडानं सांगतील, अशी ती कल्पना. कल्पना चांगलीच होती. ताईचाही तिच्यावर विश्वास होता. दर बॅचला पंधरा दिवसांचं प्रशिक्षण, प्रत्येकाची तीन मिनिटांची एक फिल्म आणि शेवटी पाहुण्यांसमोर दाखवण्याचा कार्यक्रम.

शिकवण्यात ताईचा हात धरणारं कुणी नव्हतं. कॅमेरा सुरू केलात की आधी गप उभे राहा, पाय जमिनीत रुजू द्या. बोलणाऱ्याच्या डोळ्यांच्या रेषेत बसा, वरून बघू नका, तो काही खड्ड्यात पडलेला नाही. आणि मुख्य म्हणजे समोरचा बोलत असताना ‘हं, हं’ करू नका. तुमचं ‘हं’ त्याच्या आवाजात मिसळतं आणि मग मेलं तरी निघत नाही. मान हलवा, डोळ्यांनी ऐका, पण तोंड बंद.

याची तिला इतकी सवय झाली होती, की घरीही ती नुसती मान हलवायची. सासूबाई जात्याच गोष्टीवेल्हाळ. शेजारणीच्या सुनेचं बाळंतपण रंगवून सांगत असायच्या आणि समोरून हुंकार नाही. “अगं, ऐकतेस का, की मी भिंतीशी बोलते?” त्या म्हणायच्या. “ऐकतेय ना आई, मान हलवली की.” “माझे डोळे चुलीकडे. मान काय पाठीनं बघू?”

आता दुखणं काय होतं ते सांगायला हवं. बॅचची पोरं शूटिंग उत्साहानं करत. दोन-चार तासांचं काहीबाही भरून आणत. पण ते कापायला, जोडायला बसलं की त्यांचं अवसान गळे. कुणाचा आवाज फाटलेला, कुणाची मुलाखत अर्ध्या वाक्यात संपलेली. आणि कार्यक्रम तोंडावर. मग मॅडम जिन्याखाली वाकून आत डोकवायच्या आणि गोड आवाजात म्हणायच्या, “अगं, जरा तुझा शेवटचा हात फिरव ना. तुझा हात लागला की कसं जिवंत होतं ते.”

ताई हात फिरवायची. म्हणायला शेवटचा, प्रत्यक्षात पहिल्यापासून शेवटपर्यंत तिचाच. फाटलेला आवाज शिवायची, उसवलेली मुलाखत टाके घालून नीट करायची. ड्रायव्हर तिला शिंपीणच म्हणायचा. “काय शिंपीणबाई, आज किती जणांची लाज झाकली?” कार्यक्रमात दिवे मंद व्हायचे, फिल्म सुरू व्हायची, पाहुणे डोळे पुसायचे, पोरं एकमेकांना मिठ्या मारायची. आणि टाळ्या संपायच्या आत पुढची बॅच ठरलेली असायची.

ती मुळात इथली नव्हतीच. पुलाखाली एक केंद्र होतं, तिथली ती कार्यकर्ती. एक लांबट हॉल, मध्ये टेबल टेनिसचं टेबल, त्याची एक बाजू जरा उतरलेली, त्यामुळे चेंडू नेहमी दाराकडे पळायचा. वरून गाड्या गेल्या की पत्रे थरथरायचे. तिथे पोरं भांडायची, खेळायची, आणि कोपऱ्यात बसून ताईला अशा गोष्टी सांगायची, ज्या घरी सांगितल्या असत्या तर मार बसला असता. तिथे तिला एकदा कुणीतरी जुना कॅमेरा दिला, तिनं पोरांसोबत खटपट करून एक फिल्म केली, ती मॅडमना आवडली. मॅडम म्हणाल्या, “एका बॅचपुरतं कार्यालयात ये. बाकीच्यांना शिकव. मग जा परत.” त्या गोष्टीला आता तीन वर्षं होत आली होती. पुलाखाली तोवर एक बदली कार्यकर्ता बसत होता. ताईनं आपली चप्पल दारात सोडून दुसऱ्याच्या घरी जरा टेकावं आणि तिथेच राहून जावं, तसं झालं होतं.

एक दिवस हिशेबनीस खोलीत आला. हा माणूस कधी खोलीत यायचा नाही, फोमचा वास सहन होत नाही म्हणायचा. दारातूनच म्हणाला, “ताई, तुमच्या कानावर घालतो. पुलाखालची जागा महिनाअखेर कायम होणार आहे. त्या बदलीवाल्याचंच नाव चाललंय. तुम्हाला परत जायचं असेल तर आत्ता. मग ते दार बंद.”

ताईनं समोरची क्लिप तिथेच थांबवली. पडद्यावर कुणाची तरी आजी तोंड उघडं ठेवून थिजली. ताई तशीच जिना चढून गेली.

मॅडमनी तिला खुर्ची दिली, पंखा वाढवला, पाणी मागवलं. मॅडमचं हेच अवघड होतं. भांडायला गेलेल्या माणसाचा घाम त्या आधी पुसायच्या.

“तुला अडवून ठेवायला मला काय आवडतं का?” त्या म्हणाल्या. “जा की. उद्या जा. पण खाली बसवू कुणाला? मला एक नाव दे. तीन वर्षांत इतक्या बॅचेस झाल्या तुझ्या हातून. त्यातलं एक पोर सांग, जे एकट्यानं फिल्म पुरी करू शकेल.”

 ताईनं मनात एकेक चेहरा काढून पाहिला. हा शूटिंग बरं करायचा. ही बोलायची छान. पण पुरी? पुरी कुणीच केली नव्हती. कारण पुरी करायची वेळ आली की ताई खुर्ची ओढून घ्यायची आणि म्हणायची, ‘सरक जरा, मी बघते.’

“बघ, सुचलं तर सांग,” मॅडम म्हणाल्या. “येणारी बॅच झाल्यावर नाव दिलंस तर त्याच दिवशी तुला मोकळं करते. शब्द देते.”

घरी आली तेव्हा सासूबाई ओट्याशी उभ्या होत्या. भाजी शिजली होती. “मीठ तेवढं तू बघ,” त्या म्हणाल्या. रोजच म्हणत. भाजी त्यांची, मीठ सुनेचं. नवरा पाण्याचे पंप दुरुस्त करायचा, तोही पाना-पक्कड टेबलावर टाकून सांगायचा, “तेवढं उचलून ठेव गं.” ताईनं चमचाभर रस्सा तळहातावर घेऊन चाटला आणि एकदम म्हणाली, “आई, माझ्याआधी या घरात मीठ कोण बघायचं?”

“मीच.”

“मग आता?”

“आता तू आहेस ना.” सासूबाईंना यात विचारण्यासारखं काय ते कळेना. “तुझ्या हाताला बरोबर अंदाज आहे. मला काय, कमी-जास्त होतं.”

जेवताना तिनं नवऱ्याला सगळं सांगितलं. तो घास थांबवून ऐकत होता. मशीनचा माणूस, त्याला बिघाड कुठे आहे ते पटकन दिसायचं. “म्हणजे तूच आतून कडी लावलीस,” तो म्हणाला.

“मी कसली कडी? फिल्म वाईट निघाल्या असत्या तर पोरांची तोंडं बघवली असती का? आईबापांना घेऊन येतात ती.”

“तेच म्हणतोय. मी गिऱ्हाइकाचा पंप दर वेळी फुकट चालू करून दिला, तर ते कशाला शिकतंय कॉक बंद करायला?”

“अहो, पोरं म्हणजे पंप नव्हेत.”

“नसतील,” तो म्हणाला आणि तिच्या ताटात पोळी वाढली. “पण या वेळी हात लावू नकोस. खिशात घाल हात. साडीला खिसा नसतो, तर कमरेत खोच.”

सासूबाई हसल्या. ताईलाही हसू आलं. पण तिनं मनाशी ठरवून टाकलं.

नवी बॅच आली. वेगवेगळ्या वस्त्यांतले बाराएक कार्यकर्ते. त्यात एक होता तालमीतून आलेला, दारात उभा राहिला की खोलीत अंधार. त्याला सगळे पैलवान म्हणू लागले. तो आपल्या वस्तीत पोरांना कुस्ती शिकवायचा. कॅमेरा त्याच्या पंजात साबणाच्या वडीसारखा दिसायचा. आणि एक मुलगी होती, बारीक अंगाची, बारीक आवाजाची. पैलवानानं पहिल्याच दिवशी तिला चिमणी म्हटलं आणि तिनंही मुकाट्यानं ते नाव घेतलं. ती कारखान्यांच्या मागच्या चाळीत मुलींचं केंद्र चालवायची. मुली तिथे यायच्या म्हणजे घरून काही ना काही निमित्त सांगून यायच्या. आपण आलो नाही तर दार उघडायला कुणी नाही, हे चिमणीनं ओळख करून देतानाच सांगितलं. या पंधरा दिवसांसाठी तिनं किल्ली एका मोठ्या मुलीकडे दिली होती आणि रोज दुपारी तिला फोन करून ‘उघडलंस का’ विचारायची.

ताईनं शिकवलं, नेहमीपेक्षा जास्त मन लावून शिकवलं. आणि एडिटिंग सुरू झालं त्या दिवशी सगळ्यांना गोलात बसवून सांगितलं, “या वेळी मी माउसला हात लावणार नाही. विचारा, मी सांगेन. पण करायचं तुम्ही.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. कुणी ‘हं’ सुद्धा केलं नाही. तेवढं मात्र पक्कं शिकले होते.

पुढचे दिवस ताईला फार जड गेले. कुणीतरी डोळ्यांदेखत चांगली क्लिप चुकीच्या जागी कापायचं आणि तिच्या बोटांना मुंग्या यायच्या. पैलवानाच्या मुलाखतीत डोक्यावरचा पंखा असा काही घरघरत होता, की बोलणारा पोरगा विमानात बसलाय असं वाटावं. “ताई, हे जरा...” तो म्हणाला. “पंखा कुणी चालू ठेवला?” “उकडत होतं.” “मग पुन्हा जा आणि घामात शूट कर,” ताई म्हणाली आणि पाठमोरी झाली. तिच्या पाठीमागे पैलवान कुणाला तरी हळूच म्हणाला, “टेन्शन नाही. ताई वरवर कडक आहेत.” आधीच्या बॅचमधले त्याचे दोस्त होते. त्यांनी त्याला सगळं सांगून ठेवलं होतं.

म्हणजे कुणी करतच नव्हतं. सगळे वाट बघत होते. ताई कमरेत हात खोचून वाट बघत होती आणि ते तिच्या हातांची वाट बघत होते. कार्यक्रम जवळ आला तेव्हा एकही फिल्म धड उभी नव्हती. ताईनं घरी येऊन सांगितलं, “फज्जा होणार.” नवरा म्हणाला, “होऊ दे.” सासूबाईंनी भाजीचं पातेलं पुढे केलं. ताई म्हणाली, “आज तुम्हीच बघा, आई.” त्या दिवशी भाजी खारट झाली. सगळे पाणी पीत राहिले.

दुसऱ्या दिवशी ती खोलीत लवकर गेली, तर दार आधीच उघडं. आत चिमणी. खुर्ची उंच करून, कानाला मोठे हेडफोन लावून, तोंडात ओढणीचं टोक धरून ती पडद्याकडे बघत होती. पडद्यावर पैलवानाचा पोरगा बोलत होता आणि पंख्याचा आवाज जवळपास गेला होता. पंख्याची घरघर जिथे फारच होती तिथे तिनं आखाड्यातला धपाधप आवाज वरून घातला होता. ताईला स्वतःला हे सुचलं नसतं.

ताईनं तिच्या खांद्याला हात लावला. चिमणी दचकली. “ताई, मी फक्त बघत होते.”

“काय काय बघितलंस?”

चिमणीनं ओशाळून फोल्डर उघडलं. सात-आठ फिल्म तिनं जोडून टाकल्या होत्या. “त्यांचे आईवडील येणार आहेत ना कार्यक्रमाला,” ती म्हणाली. “तोंडघशी पडतील सगळ्यांसमोर. मला नाही बघवत. मला येतंय, मग...”

“आणि तुझी?”

“माझी होईल. माझं काय, थोडंच राहिलंय.”

ताई तिच्या मागे उभी राहिली. तिला आनंद व्हायला हवा होता. तीन वर्षं शोधलेलं नाव खुर्चीत बसलं होतं. हात तिच्यापेक्षा हलका, कान तिच्यापेक्षा तयार. आता वर जायचं, मॅडमना दोन शब्द सांगायचे आणि पुलाखालच्या हॉलमध्ये जाऊन दार उघडायचं. खो मिळाल्यासारखं उठायचं नि धावायचं. “चांगलं करतेयस,” ती म्हणाली, आणि वर न जाता तिथेच उभी राहिली.

कार्यक्रम ठरल्याप्रमाणे झाला. दिवे मंद झाले. फिल्म लागल्या. त्या ताईच्या फिल्मसारख्या गुळगुळीत नव्हत्या, पण त्यांना धार होती. पैलवानाची आई पहिल्या रांगेत बसून मुलाच्या नावाची अक्षरं येईपर्यंत हलली नाही. पाहुण्यांनी डोळे पुसले. शेवटची फिल्म संपली, दिवे लागले, टाळ्या झाल्या. चिमणीची फिल्म लागलीच नव्हती. कुणाच्या ते लक्षातही आलं नाही. चिमणी मागे भिंतीला टेकून सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवत होती, तिच्याबरोबर केंद्रातल्या दोन मुली आल्या होत्या, आणि त्यातली एक तिला सारखं विचारत होती, “आपली कधी लागणार?”

चहाच्या टेबलाशी मॅडमनी ताईला बाजूला घेतलं. चेहरा खुललेला. “पैलवान सांगत होता, सगळ्यांना त्या छोटीनं करून दिलं. तू मला बोलली नाहीस. मिळाली की तुझ्या जागेला. मी तिच्याशी बोललेसुद्धा.”

“काय म्हणाली ती?”

“काय म्हणणार, लाजली. मी म्हटलं, एका बॅचपुरतं ये. मग बघू.”

ताईनं कप टेबलावर ठेवला. मॅडमना त्यात काही वाटलं नव्हतं. त्यांना ते आठवतही नसावं. त्या खोटं बोलत नव्हत्या. त्यांना प्रत्येक वेळी खरंच एकाच बॅचपुरतं वाटायचं.

“तू फक्त हो म्हण,” मॅडम म्हणाल्या. “उद्यापासून पूल तुझा.”

ताईनं समोर पाहिलं. चिमणी रिकामे कप गोळा करत होती. कुणी तिला सांगितलं नव्हतं. कपांची उतरंड एका हातात धरून दुसऱ्या हातानं ती फोनवर बोलत होती, “कुलूप नीट लाव, ओढून बघ.” ताई तिच्याकडे गेली.

“मॅडम बोलल्या?”

“हो ताई.” चिमणीचे डोळे चमकत होते आणि घाबरलेलेही होते. “मला जमेल का? पण एकाच बॅचचा प्रश्न आहे म्हणाल्या. तेवढं ती मुलगी उघडेल केंद्र. नाही म्हणायला बरं नाही वाटत. मॅडम किती चांगल्या आहेत.”

“चांगल्या आहेतच,” ताई म्हणाली. “तुझी फिल्म कशावर आहे गं?”

“मुलींवरच. त्या घरी काय काय खोटं सांगून येतात त्यावर. त्यांनीच सांगितलंय, हसत हसत. आवाज झालाय सगळा. फक्त जोडायचं राहिलं.” ती जरा थांबली. “मुली नाराज झाल्यात. पण समजून घेतील.”

“किती वेळा घेतील?” ताईनं विचारलं. चिमणीला हा प्रश्न कळला नाही. ती कप घेऊन गेली.

ताई तिथेच थोडा वेळ उभी राहिली. पुलाखालचा हॉल तिच्या डोळ्यांसमोर इतका स्पष्ट होता, की चेंडू दाराकडे पळताना दिसत होता. नुसतं हो म्हणायचं होतं. ही मुलगी कर्तबगार आहे, तिला पगार जरा बरा मिळेल, शिकेल, पुढे जाईल. यातलं काहीच खोटं नव्हतं. तीन वर्षांपूर्वी तिच्याबद्दलही कुणीतरी असंच बोललं असेल.

ती मॅडमकडे परत आली. “ती नको.”

“का?” मॅडम खरोखर गोंधळल्या. “सगळ्यांच्या फिल्म तिनं पुऱ्या केल्या.”

“म्हणूनच. तिची स्वतःची नाही झाली. जिची स्वतःची पुरी नाही ती इतरांना काय शिकवणार?”

मॅडम हसल्या, लागेल असं नाही, मायेनंच. “अगं, तुझी कुठे झालीय? इथे आल्यापासून मी तुझी एक फिल्म पाहिलेली नाही. मग तुलाही काढून टाकू?”

ताईनं मनात मोजलं. पुलाखालच्या पोरांबरोबर केली ती एक, आणि त्यानंतर सगळ्या दुसऱ्यांच्या. “काढा की,” ती म्हणाली, “पण तिला घेऊ नका. तिच्या केंद्राला दार उघडायला दुसरं कायमचं कुणी नाही.”

“आणि खाली कोण बसेल?”

हा प्रश्न मॅडमनी टाकला आणि तो दोघींच्या मध्ये, बिस्किटांच्या ताटलीशेजारी पडून राहिला. हॉलमधली गर्दी पांगत होती. ड्रायव्हर खुर्च्या एकात एक घालत होता.

“आहे मी,” ताई म्हणाली. “पण आजचा दिवस मला खोली हवीय. आणि यापुढे मी कुणाचं जोडून देणार नाही. असेल तसं दाखवायचं. पाहुण्यांसमोर.”

“पाहुण्यांसमोर? पंख्याच्या आवाजासकट?”

“पंख्यासकट.”

“बघू,” मॅडम म्हणाल्या. त्यांचं ‘बघू’ ताईला ठाऊक होतं. तरी तिनं ते घेतलं.

त्या दुपारी तिनं चिमणीला आणि त्या दोन मुलींना जिन्याखालच्या खोलीत बसवलं आणि स्वतः बाहेर पायरीवर दाराला पाठ लावून बसली. पैलवान पेन ड्राइव्ह घेऊन आला, त्याला आपली फिल्म मामाला पाठवायची होती, जरा लहान करून हवी होती. “आत काम चाललंय,” ताई म्हणाली. “चिमणीला फक्त दोन मिनिटं...” “चिमणी नाहीये आत. आत एक फिल्म करणारी बाई आहे.” पैलवान डोकं खाजवत तिच्याशेजारी पायरीवर बसला. आतून मुलींचं हसणं येत होतं. मध्येच चिमणीनं दार किलकिलं केलं, “ताई, हा कट बघता का?” ताई वळली नाही. “तुला बरा वाटतोय ना? मग झालं.” आणि मग पाठीमागे दार पुन्हा लागलं. संध्याकाळी चार माणसांसमोर ती फिल्म लागली: दोन मुली, पैलवान आणि ताई. दोन जागी आवाज उडी मारत होता. पैलवान आधी खिदळत होता आणि शेवटी आपला पेन ड्राइव्ह तिथेच विसरून गेला.

घरी नवऱ्यानं दारातच विचारलं, “काय झालं?”

“राहिले.”

त्यानं तिच्या हातातली पिशवी घेतली. सासूबाईच म्हणाल्या, “तिथे तरी सावली आहे. पुलाखाली नुसती धूळ.” ताईनं मान हलवली. मग आठवून मोठ्यानं म्हणाली, “हं.”

महिनाअखेर पुलाखालची जागा कायम झाली. त्यानंतर एकदा ताई तिकडून जात असताना आत डोकावली. टेबलाच्या पायाखाली कुणीतरी लाकडाचा तुकडा सारला होता, चेंडू आता नीट चालत होता. नवा माणूस बरा होता, त्यानं तिला बसायला सांगितलं. खेळणारी पोरं तिच्या ओळखीची नव्हती. त्यातल्या एका मुलीनं तिच्या खांद्यावरच्या कॅमेऱ्याच्या बॅगेकडे पाहून केस सारखे केले आणि विचारलं, “तुम्ही आमचा व्हिडिओ काढायला आलात का?”

“नाही गं. सहज आले होते,” ताई म्हणाली. तिथे तिला कुणी सहज आलेलं समजत नव्हतं. कॅमेरा घेऊन आलेलं पाहुणं समजत होतं. ती चहा न घेताच निघाली.

पुढच्या बॅचच्या पहिल्या दिवशी तिनं सगळ्यांना गोलात बसवलं. ओळखी झाल्या. कॅमेरा कसा धरायचा ते झालं, ‘हं’ का करायचं नाही ते झालं. मग तिनं स्पष्ट सांगितलं, की या बॅचपासून मी कुणाचं काही जोडून देत नाही, प्रत्येकानं आपलं आपण पुरं करायचं, जसं होईल तसं लागेल. ती हे इतक्या ठामपणे बोलली, की जिन्यावरून चाललेल्या मॅडमची पावलं मध्येच थांबल्याचं तिला ऐकू आलं. मग ती पावलं शांतपणे वर निघून गेली.

समोरच बसलेला एक उंच पोरगा फार लक्ष देऊन ऐकत होता. ताई थांबली तसं तो समजूतदारपणे हसला आणि शेजारच्याला कोपरानं ढोसून म्हणाला, “आधी नाहीच म्हणतात त्या. पैलवाननं सांगितलंय मला.”

शेजारच्यानं, शिकवल्याप्रमाणे, आवाज न करता मान हलवली. ताईनं दोन्ही हात कमरेत खोचले आणि पुढचा धडा सुरू केला.